टप उघडा ठेवून एसी कसा चालवावा : इंदूरच्या उन्हाळ्यातील अनुभव

होळी झाली की इंदूरमध्ये संध्याकाळी गाडीचा टप, म्हणजे घडी होणारे छत, उघडावासा वाटू लागतो आणि पुढच्या चार आठवड्यांतच ऊन असे तापते की तो पुन्हा मिटून घ्यावा लागतो. उघड्या टपाची दोन आसनी गाडी घेतल्यावर पहिले दोन उन्हाळे मी असेच घालवले. राजेंद्रनगरातून निघून राजवाड्याला पोहोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असे, आणि एसी पूर्ण जोरात चालू असूनही त्याचा गारवा जातो कुठे, ते कळत नसे. शेजारी बसणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी : टप उघडा टाकून एसी लावणे म्हणजे दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून घर गार करू पाहण्यासारखे नाही का? प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता माझ्या ध्यानात आले की मी भलतीच गोष्ट गार करायला निघालो होतो. टप उघडा असताना एसीने गाडी गार होत नाही आणि कितीही पेट्रोल जाळले तरी होणार नाही. गार करायचे असते ते गाडीत बसलेल्या माणसाचे अंग. एवढे मनाशी पक्के धरले की एसीची बटणे कशी लावावीत, हवा सोडणाऱ्या जाळ्या कुठे वळवाव्यात आणि टप केव्हा मिटावा, हे सगळे त्यातूनच ठरत जाते.

गाडी बीएमडब्ल्यू झेड-फोर असो, मिनी कन्व्हर्टिबल असो, मर्सिडीजची कॅब्रिओले असो की २०२० साली आलेल्या महिंद्रा थारचा कापडी टपाचा प्रकार असो, पुढील सूचना थोड्याफार फरकाने सर्वांना लागू पडतात. उघड्या गाडीची हौस या शहराला नवी नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनीची एसजे गाडी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून खास उघडी बॉडी चढवून घेतली, हे मोटारींच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्या काळी मोटारीत एसी नव्हताच. कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सोय पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४० च्या मॉडेलपासून सुरू केली. आपल्याला ती सोय मिळालेली आहे, तर ती नीट वापरता यायला हवी.

वारा नेमका कुठून येतो

बटणांकडे वळण्यापूर्वी हवेची वाट समजून घेणे आवश्यक आहे, कारण उघड्या गाडीत वारा समोरून येतो ही आपली समजूत बऱ्याच अंशी चुकीची असते. पुढच्या काचेवरून चढलेली हवा काचेच्या वरच्या कडेपाशी गाडीपासून सुटते आणि डोक्यावरून मागे निघून जाते. काचेच्या आडोशाला, म्हणजे आसनांच्या जागी, हवेचा दाब त्यामुळे कमी होतो, आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी मागच्या बाजूची हवा खाली वळून पुढे शिरते. वेग वाढला की केस पुढे तोंडावर येतात ते यामुळेच.

मी हे एकदा डोळ्यांनी पाहून घेतले. लोकरीचे बोटभर लांबीचे धागे कापून ते चिकटपट्टीने एसीच्या जाळ्यांवर, दारांच्या वरच्या कडेवर, दोन्ही आसनांच्या डोके टेकायच्या भागावर आणि स्टिअरिंगखाली गुडघ्याच्या उंचीवर लावले, आणि रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर रहदारी नसताना गाडी काढली. गाडी मी चालवत होतो आणि शेजारी बसलेली माझी पुतणी धाग्यांकडे पाहून सांगत होती. ताशी २० किलोमीटरला जाळीवरचा धागा सरळ आमच्या छातीच्या दिशेने ताठ उभा होता. चाळिशीला तो वाकडातिकडा होऊ लागला. साठीला पोहोचलो तेव्हा ती म्हणाली, "काका, मानेमागचा धागा पुढे आलाय, आणि दारावरचा तर गरगर फिरतोय." गुडघ्यापाशी लावलेला धागा मात्र या सगळ्या धांदलीत संथपणे आसनाकडे तोंड करून लोंबत होता. दाराच्या कडेपासून खालची जागा ही उघड्या गाडीतली हौदासारखी शांत जागा आहे. थंड हवा जड असल्याने ती तिथेच साठते, आणि एसीचा उपयोग करून घ्यायचा तो मुख्यतः तिथे. हा धाग्यांचा प्रयोग प्रत्येकाने आपल्या गाडीत एकदा करून पाहावा, कारण काचेचा उतार आणि आसनांची उंची यांप्रमाणे आकडे बदलतात. धागे पाहण्याचे काम मात्र शेजारच्यानेच करावे.

यावरून पहिली कृती ठरते. टप उघडला तरी दारांच्या काचा पूर्ण वर चढवलेल्या असाव्यात, मागे लहान काचा असतील तर त्याही. काचा खाली असताना बाजूचा वारा थेट पोटापर्यंत शिरतो आणि हौदातली थंड हवा उपसून टाकतो. दुसरी कृती म्हणजे आसनांच्या मागे उभी करायची जाळीदार वारारोधक पट्टी. बऱ्याच गाड्यांबरोबर ती मिळते आणि बहुतेक मालक ती घरी कपाटावर ठेवून देतात. ती लावल्याने मागून येणारा झोत मोडतो, आणि माझ्या मते एसीचा गारवा टिकवण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही उपायापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. कापडी टपाच्या जीपमध्ये मागचा पडदा जागेवर ठेवून पुढचाच भाग उघडता येत असेल तर उन्हाळ्यात तसेच करावे. मिनी कन्व्हर्टिबलमध्ये टप पूर्ण न मिटता केवळ पुढचा भाग सनरूफसारखा मागे सरकवता येतो. एप्रिल-मे महिन्यांत ही सोय पूर्ण उघड्या टपापेक्षा कितीतरी बरी, कारण आकाशही दिसते आणि पाठही सुरक्षित राहते.

निघण्यापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे

उन्हात उभी राहिलेली गाडी ही तापलेल्या तव्यासारखी असते. तिच्यातली हवा गरम असते हे खरे, पण हवा मिनिटभरात बदलता येते; खरी उष्णता डॅशबोर्डमध्ये, आसनांच्या फोममध्ये आणि तळाच्या गालिच्यात मुरलेली असते व ती पुढे बराच वेळ बाहेर पडत राहते. तापलेल्या आसनावर बसून टप उघडून निघालो, तर समोरून एसी आणि पाठीखाली शेगडी अशी स्थिती होते. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम दोन्ही दारे उघडून, शक्य असल्यास टपही उघडून, एक-दोन मिनिटे कोंडलेली हवा जाऊ द्यावी. मग टप आणि काचा बंद करून, एसी सर्वांत थंड आकड्यावर आणि ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, पूर्ण जोरात ठेवून गाडी चालू लागावी. एका जागी उभे राहून गाडी गार करण्यात इंधन वाया जाते आणि शेजाऱ्यांना धूर सोसावा लागतो. शिवाय इंजिन संथ फिरत असताना एसीचा गॅस दाबणारा कंप्रेसरही संथच फिरतो, त्यामुळे चालत्या गाडीत एसी लवकर पकड घेतो. दहा-पंधरा मिनिटांनी आसन आणि स्टिअरिंग हाताला गार लागू लागले की टप उघडावा. घरून राजवाड्यापर्यंतच्या वाटेत माझा टप साधारण निम्म्या रस्त्यावर उघडतो.

टप चालत्या गाडीत उघडता येतो असे कंपन्या सांगतात; झेड-फोरचा कापडी टप सुमारे १० सेकंदांत, ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात उघडतो, आणि मिनीचा सुमारे १८ सेकंदांत, ३० किलोमीटरपर्यंत. तरीही गाडी कडेला सावलीत उभी करूनच टप उघडावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण तेवढ्या सेकंदांत सिग्नल सुटतो आणि मागची वाहने थांबत नाहीत.

गाडी टप उघडा ठेवून उभी करायची असेल, तर आसनांवर पांढऱ्या सुती कापडाची खोळ किंवा जुनी चादर पसरावी आणि सीटबेल्टचे धातूचे टोक चादरीखाली झाकावे. माझ्या डाव्या कमरेपाशी त्या टोकाचा चटका बसून उठलेला डाग दोन आठवडे राहिला होता. गडद रंगाचे चामडे असेल तर चादरीची गरज दुप्पट समजावी.

बटणे आणि जाळ्या

तापमानाचा आकडा सर्वांत खाली, म्हणजे "लो" वर ठेवावा. बंद गाडीत आपण २४ किंवा २५ हा आकडा लावतो, कारण तेथे यंत्रणेला आतील हवा त्या आकड्यापर्यंत आणता येते. पुष्कळ गाड्यांत मधला आकडा लावला की थंड झालेल्या हवेत हीटरवरून आलेली थोडी गरम हवा मिसळली जाते. उघड्या गाडीत आपल्याला त्या मिश्रणाचे काहीच काम नसते. "ऑटो"ही बंद करावा. स्वयंचलित एसी आतील तापमान मोजणाऱ्या आणि काचेजवळ ऊन मोजणाऱ्या सेन्सरवर चालतो; टप उघडा असताना दोघेही त्याला गाडी तापलेलीच आहे असे सांगत राहतात आणि तो ब्लोअर कमाल जोरात फिरवत बसतो. काही गाड्यांत टप उघडताच एसी आपली चाल बदलतो, अशी व्यवस्था असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत तसा उल्लेख असेल तर "ऑटो" वापरून पाहायला हरकत नाही.

आता ब्लोअर. तो पूर्ण जोरात ठेवला की जास्त गार वाटेल ही समजूत मलाही होती. एके दिवशी दुपारी, बाहेर ३९ अंश असताना, सळईसारखे टोक असलेला स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घेऊन शेजारी बसलेल्याला मोजायला लावले. ब्लोअर मधल्या वेगावर असताना जाळीच्या तोंडाशी १४ अंश होते, वीतभर अंतरावर २० आणि माझ्या छातीपाशी, चाळिशीच्या वेगात, ३१. ब्लोअर पूर्ण जोरात करताच जाळीच्या तोंडाशीच आकडा १९ वर चढला, कारण एवढी गरम हवा इतक्या झपाट्याने थंड करणे त्या गाडीच्या एसीला झेपत नव्हते. या मोजणीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ब्लोअर साधारणतः मध्यम ते तीन-चतुर्थांश ठेवावा आणि गाडी सिग्नलला थांबली तरच वाढवावा, कारण तेव्हा झोत मोडणारा वारा नसतो. दुसरे असे की जाळीपासून वीत-दीड वीत अंतरात शरीराचा जो भाग येतो त्यालाच खरा गारवा मिळतो; छातीपर्यंत पोहोचेतो झोतात बाहेरची हवा मिसळलेली असते.

जाळीच्या सर्वांत जवळ आपले हात असतात. हातांच्या तळव्यांत आणि मनगटांत रक्ताचा पुरवठा भरपूर असतो व त्वचेखाली शिरा वर असतात, त्यामुळे हात गार राहिले की सगळ्या शरीराला बरे वाटते. म्हणून उजवीकडची जाळी किंचित खाली वळवून उजव्या मनगटावर, आणि मधली जाळी डाव्या हातावर व पोटाकडे येईल अशी ठेवावी. तोंडावर झोत घेऊ नये. उघड्या गाडीत डोळे आधीच कोरडे पडतात आणि चेहऱ्यावरचा गारवा वारा क्षणात पुसून नेतो. वर आणि पाय अशा दोन्हीकडे हवा सोडणारे बटण असेल तर तेच लावावे. शेजारचे आसन रिकामे असेल तर त्याच्या बाजूची जाळी बंद करावी, म्हणजे तेवढी थंड हवा आपल्याकडे वळते.

वेग वाढत जाईल तसे जाळ्यांचे गणित बदलते. शहरातल्या ३० ते ५० च्या वेगात वरच्या जाळ्या उत्तम काम करतात. ७० च्या पुढे वरचा झोत जाळीतून बाहेर पडताच फाटतो, म्हणून तेथे वरच्या जाळ्या मिटून सगळी हवा पायांकडे सोडावी. उज्जैनच्या रस्त्यावर मी असेच करतो. पाय आणि मांड्या गार, वर मोकळा वारा, अशा अवस्थेत तासभर सुखाने जातो. पाठीला हवा देणारी, छिद्रे असलेली आसने गाडीत असतील तर ती लावलीच पाहिजेत, कारण पाठ आणि आसन यांच्यामधला गारवा वाऱ्याला नेता येत नाही. मर्सिडीजने २००४ च्या एसएलके गाडीत मानेपाशी गरम हवा सोडणारी "एअरस्कार्फ" नावाची सोय दिली ती थंडीसाठी होती. पण गाडीच्या मागे न लागता माणसाच्या अंगाला हवी ती हवा पोहोचवण्याचा विचार तिच्यातही होता.

रीसर्क्युलेशनचे, म्हणजे आतलीच हवा पुन्हा फिरवणारे, गाडीच्या चित्रात वळणारा बाण असलेले बटण टप उघडा असताना निरुपयोगी असते असे अनेकांचे मत आहे. मला ते पटत नाही. आतील हवा ओढणारे तोंड बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली असते, म्हणजे आपण ज्या हौदात थंड हवा साठवतो त्याच्याच काठावर. तिथली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश थंड असते, त्यामुळे एसीवरचा भार तेवढा हलका होतो. शिवाय सिग्नलवर पुढच्या बसचा गरम धूर बॉनेटजवळच्या तोंडातून थेट आपल्या पायांवर येत नाही. म्हणून टप उघडा असताना ते बटण चालूच ठेवावे.

मागे आसने असलेल्या गाडीत एक गोष्ट विसरू नये. पुढच्यांना मिळणारा गारवा मागे पोहोचत नाही, आणि मागून वळणारा सगळा वारा आधी मागे बसलेल्यांवर आदळतो. वहिनी एकदा अशाच एका गाडीत मागे बसून देवासपर्यंत आल्या आणि उतरल्यावर पंधरा मिनिटे कुणाशी बोलल्या नाहीत. आम्ही पुढे दोघे मजेत होतो, मागे काय चालले आहे याची आम्हाला कल्पनाच आली नव्हती. लहान मुले किंवा वयस्कर माणसे मागे असतील, तर उन्हाळ्यात दिवसा टप उघडूच नये.

टप केव्हा मिटावा

हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण येथे प्रश्न सुखाचा न राहता प्रकृतीचा होतो. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३४-३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातील उष्णता काढून नेतो. हवा त्याहून गरम झाली की तोच वारा अंगाला उष्णता देऊ लागतो, आणि मग गार राहण्यासाठी घामाखेरीज साधन उरत नाही. माळव्याचा एप्रिल-मे कोरडा असल्याने घाम झटपट वाळतो, आपल्याला घाम आला हेच कळत नाही, आणि पाणी मात्र शरीरातून जात राहते. माझा नियम असा आहे : हवा ३२-३३ अंशांपर्यंत असेल तर एसी पायांपुरता पुरे, ३३ ते ३८ पर्यंत वर सांगितलेली सगळी रीत वापरावी, ३८ च्या पुढे थेट उन्हात टप मिटावा, आणि ४० ओलांडल्यावर सावली असो वा नसो, टप उघडू नये.

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेला आहे, त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंत दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि पुढच्या काचेची किंवा दाराची सावली अंगावर पडतच नाही. सूर्य माथ्यावर येण्याची वेळही येथे बाराची नसून साडेबाराच्या आसपासची आहे, आणि हवा सर्वांत जास्त तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी. म्हणून अकरा ते पाच हा वेळ टप उघडण्याचा नव्हेच. पहाटे साडेपाच ते साडेआठ, आणि संध्याकाळी सात वाजता ऊन गेल्यावर पुढे, हे खरे तास आहेत. सूर्य मावळल्यावरही डांबर बराच वेळ उष्णता टाकत राहते. तेव्हा पायांकडचा एसी चालू ठेवावा आणि वरच्या जाळ्या बंद कराव्यात. माळव्याच्या रात्रीची ख्याती खरी आहे, आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात खाऊन साडेदहाला परतताना बहुतेक वेळा एसीची गरजच पडत नाही.

महेश्वरला जाणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच पठारावर आहे. मानपूरनंतर घाट उतरून आपण निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात येतो, आणि तेवढ्या उतरणीने हवा तीन-चार अंशांनी तापते. महूपर्यंत जी रीत पुरेशी होती ती धामनोदला पुरत नाही. घाट सुरू होण्यापूर्वीच थांबून टप मिटावा. घाटात वळणांवर थांबायला जागा नसते.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा असावा, उघड्या हातांना ऊन थेट लागले की एसीचा झोत व्यर्थ जातो. डोक्यावर हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, आणि मानेभोवती ओला करून पिळलेला पंचा घ्यावा. मागून येणारा वारा त्या पंच्यातले पाणी वाळवताना मान गार करतो, म्हणजे जो वारा आपला शत्रू होता तोच कामाला लागतो. पंच्याची टोके सदऱ्यात खोचावीत, मोकळी सोडू नयेत. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता अर्ध्या-अर्ध्या तासाने प्यावे. ताक किंवा कैरीचे पन्हे मीठ घालून बरोबर ठेवले तर उत्तम. कुणाला चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर ताबडतोब टप मिटून एसी पूर्ण जोरात करावा. बोलण्यात गोंधळ होऊ लागला किंवा त्वचा तापून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत राहावे आणि १०८ ला फोन करावा.

यंत्राची काळजी

टप उघडा ठेवून एसी लावल्याने कंप्रेसर जळतो, असे ऐकवले जाते. उन्हात तापलेली बंद गाडी सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कंप्रेसरवर जो भार असतो, साधारण तोच येथे सारा वेळ राहतो. तो भार सोसण्यासाठीच यंत्र बनवलेले असते. मात्र त्याला विश्रांती मिळत नाही आणि इंधन नक्कीच जास्त जाते, त्यामुळे यंत्रणा निकोप असणे अगत्याचे ठरते. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो आणि त्याची उष्णता रेडिएटरवर येते. राजवाड्याच्या गर्दीत रांगत असताना इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे आणि काटा नेहमीच्या जागेवरून हलला तर एसी बंद करावा. कंडेन्सरच्या पातळ पट्ट्यांत अडकलेले किडे आणि माती महिन्यातून एकदा पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोरदार फवाऱ्याने त्या पट्ट्या वाकतात.

गारवा कमी झाला की "गॅस भरून घ्या" हा सल्ला सर्रास मिळतो. मीही एका गॅरेजमध्ये तो मानला. तिथे नळीला हात लावून अंदाजाने गॅस भरला गेला, आणि गाडी पूर्वीपेक्षाही कमी गार होऊ लागली. पुढे दुसरीकडे दाखवल्यावर गॅस प्रमाणाबाहेर भरल्याचे निघाले. त्या उन्हाळ्याचा एक महिना त्यात गेला. गॅस किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. जुना गॅस काढून, वजन करून भरणाऱ्या यंत्राचाच आग्रह धरावा. गॅसचा प्रकारही पाहावा, कारण जुन्या गाड्यांत आर-१३४ए आणि अलीकडच्या अनेक गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नीट बसवलेल्या यंत्रणेत गॅस आपोआप संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती शोधल्याशिवाय भरू नये.

एसीची हवा गाळणारा केबिन फिल्टर हा भाग उघड्या गाडीत सर्वांत आधी खराब होतो. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ टपातून आत येते, खाली बसते आणि रीसर्क्युलेशनबरोबर फिल्टरवर जाते. बंद गाडीत वर्षाला बदलून भागते; उन्हाळ्यात टप नेहमी उघडणाऱ्याने तो दर महिन्याला काढून झटकावा आणि सहा महिन्यांनी बदलावा. ब्लोअरचा आवाज मोठा पण हवा कमी, असे झाले की पहिला संशय फिल्टरवर घ्यावा.

पावसाळ्यात उघडीप मिळून टप उघडला, तर हवा दमट असल्याने एसीचा उपयोग गारव्यापेक्षा हवा कोरडी करण्यासाठी होतो. तेव्हा झोत काचेवर सोडू नये. गार झालेल्या काचेवर बाहेरून दव धरते. घरी पोहोचण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा, म्हणजे आतल्या गार नळ्यांवरचे पाणी वाळते आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास येत नाही. टप मिटताना कापडावर थेंब राहिले असतील, तर गाडी आत घेतल्यावर ते कोरड्या फडक्याने टिपून घ्यावेत. टप भिजला असताना घडी करण्याची वेळ आलीच, तर घरी पोहोचल्यावर तो पुन्हा पूर्ण ताणून पूर्ण वाळेपर्यंत तसाच ठेवावा, कारण ओल्या घडीत एका रात्रीत बुरशी धरायला सुरुवात होते आणि तिचा वास पुढे एसीच्या प्रत्येक झोतातून येत राहतो.